सौ., श्रीमती आणि ऐंशी डी

आमच्या बीड जिल्ह्यातलं सगळ्यात जुनं फिसकटलेलं लग्न देवांचं आहे. अंबाजोगाईची योगेश्वरी आणि परळीचा वैजनाथ यांचं ठरलं होतं. वऱ्हाड निघालं, वाटेत मुहूर्त टळला आणि वऱ्हाडाचे दगड झाले, अशी कथा सांगतात. देवी कोकणातली, ती परत गेलीच नाही, अंबाजोगाईतच राहिली. दोन्ही देवळांत अंतर पंचवीसेक किलोमीटर. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना बदलीत ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ मिळतं त्याला तीस किलोमीटरची अट आहे, म्हणजे देवसुद्धा नियमात बसले असते. पण लग्नच लागलं नाही, त्यामुळं त्यांना एकही कागद बदलावा लागला नाही. सुटले. ज्यांचं लागून मग मोडतं ती माणसं माझ्याकडं येतात.

माझं दुकान सुभाष रोडच्या एका बोळात आहे. पाटीवर सुरुवातीला फक्त ‘आयकर’ होतं. आयकरावर पोट भरत नाही हे दुसऱ्याच वर्षी कळलं, मग पाटीवर पॅन आलं, रेशनचे अर्ज आले, शेवटी झेरॉक्स आलं आणि दुकान चालायला लागलं. आत एक संगणक, एक प्रिंटर आणि एक बाकडं. गिऱ्हाईक बहुतेक शिक्षक. फेब्रुवारी लागला की आष्टीपासून परळीपर्यंतचे गुरुजी आयकराचं पत्रक भरून घ्यायला येतात आणि ज्यानं वीस वर्षं पोरांना शेकडेवारी शिकवली तोच माणूस हळूच विचारतो, “भाऊ, ते चार टक्के सेस म्हणायलेत, ते नेमकं कशाचे चार टक्के?”

या धंद्यात घटस्फोटाची कुणकुण वकिलाच्या आधी मला लागते. वर्षानुवर्षं दोघांचं पत्रक एकच माणूस घेऊन येतो, दोघांचे पासवर्ड एकाच वहीच्या मागच्या पानावर असतात. मग एका वर्षी सर एकटेच येतात आणि म्हणतात, “भाऊ, इथून पुढं मॅडमचा ओटीपी मॅडमलाच मागा.” ओटीपी वेगळे झाले की समजायचं. चूल नंतर वेगळी होते.

असंच एक जोडपं. दोघंही गुरुजी. नावं सांगत नाही, तालुकाही सांगत नाही. जिल्ह्यात तालुके अकराच आहेत, तुम्ही शोधून काढाल. लग्नानंतर दोघं बदलीच्या विशेष संवर्ग भाग दोनमध्ये, म्हणजे पती-पत्नी एकत्रीकरणात. संमतीनं घटस्फोट झाला तसा मॅडमचा हक्क भाग एकमध्ये गेला, कारण घटस्फोटित महिला भाग एकमध्ये येतात. सरांना कुठलाच भाग राहिला नाही. माझ्या बाकड्यावर बसून ते म्हणाले, “बघा, लग्नात होतो तर दोन नंबर होतो. आता यादीतच नाय.”

मी म्हटलं, “सर, आयकरात काळजी नाही. तिथं तुमचं लग्न कधी झालंच नव्हतं.”

ही गोष्ट लोकांना पटत नाही, पण खरी आहे. आपल्याकडं नवरा-बायकोचं एक रिटर्न नसतं. त्याचं त्याला, तिचं तिला. अमेरिकेत असतं. माझा एक भाचा पुण्यामार्गे तिकडं गेला आणि तिकडंच त्याचं बिनसलं. तिथं वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, तुम्ही कायद्यानं विवाहित होता की नव्हता यावर आख्ख्या वर्षाच्या रिटर्नचा प्रकार ठरतो. भाच्याचा निकाल जानेवारीत लागला. म्हणजे वर्षभर भांडण, आणि कागदावर वर्षभर संसार. त्यानं फोनवर विचारलं, “मामा, तुमच्याकडं कसं असतंय?” मी म्हटलं, “आमच्याकडं सरकार पहिल्या दिवसापासून दोघांना वेगळंच धरतं. तुम्हाला कळायला वेळ लागतो.”

वेगळं धरतं, पण विश्वास ठेवत नाही. १९६१ च्या आयकर कायद्यात चौसष्टावं कलम होतं. नवऱ्यानं मोबदला न घेता बायकोच्या नावावर मालमत्ता केली, तर तिच्यापासूनचं उत्पन्न नवऱ्याच्याच डोक्यावर मोजायचं. बायकोनं नवऱ्याला दिली तरी तेच. प्रेमानं दिली असेल, हा विचार कायद्याला शिवत नाही. कर चुकवायलाच दिली, हे गृहीत. यातून सुटका दोनच वाटांनी. एकतर पुरता मोबदला घ्या, नाहीतर वेगळं राहण्याच्या कराराखाली द्या. म्हणजे नवऱ्यानं बायकोला फ्लॅट दिला आणि दोघं सुखानं नांदले, तर संशय. फ्लॅट दिला आणि वेगळे झाले, तर व्यवहार स्वच्छ. सरांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आमच्या सासऱ्यापेक्षा चांगला कायदा हाय हा.”

आहेराचंही तसंच. लग्नात मिळालेला आहेर करमुक्त, कुणीही द्या, कितीही द्या. नवरा-बायकोनं एकमेकांना दिलेलंही करमुक्त, कारण कायद्याच्या यादीत जोडीदार ‘नातेवाईक’ आहे. निकाल लागला की ते यादीतून गळतं. त्यानंतर सरांनी मॅडमला निव्वळ माणुसकीनं वर्षात पन्नास हजारांच्या वर रोख भेट दिली, तर ती आख्खी रक्कम मॅडमच्या उत्पन्नात. घटस्फोटाचा आहेर करपात्र आहे. अर्थात सरांचा तसा विचार नव्हता. त्यांना वेगळंच विचारायचं होतं.

“भाऊ, पोटगी ऐंशी सीत बसती का?”

“नाही.”

“एलआयसी बसती, पोरांची फी बसती, घराच्या कर्जाचं मुद्दल बसतं.”

“पोटगी नाही बसत.”

“मग ऐंशी जी? देणगी म्हणून?”

“त्याला संस्था नोंदणीकृत लागते, सर.”

“लग्न नोंदणीकृत होतं की!”

यावर माझ्याकडं कलम नव्हतं. देणाऱ्याला वजावट कुठंच नाही. घेणाऱ्याचं मात्र दोन प्रकारचं आहे. प्रतापगढच्या राजकन्या महेश्वरी देवी यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं ते सोडवून ठेवलंय : एकरकमी मिळाली तर ती भांडवली रक्कम, तिच्यावर कर नाही; महिन्याच्या महिन्याला मिळाली तर उत्पन्न, आणि कर. एका राजकन्येच्या भांडणानं सुटलेला प्रश्न बीडच्या बोळातल्या मॅडमच्या कामी आला. त्यांनी एकरकमी घेतली होती. वकिलानं सांगितलं म्हणून नव्हे. दर महिन्याला सरांचा मेसेज बघायचा नव्हता म्हणून. करनियोजन असंही होतं.

मुलाचं प्रकरण जरा नाजूक. मुलगा सातवीत. आजीनं त्याच्या नावावर एफडी केलेली. अज्ञान मुलाचं व्याजाचं उत्पन्न आईबापांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात मोजतात. लग्न टिकलेलं नसेल तर जो मुलाला सांभाळतो त्याच्यात. आता कोर्टात दोघंही ‘मुलगा माझ्याकडंच’ म्हणून तारखांवर तारखा लढलेले. माझ्या बाकड्यावर एफडीचा कागद निघाला तसे सर म्हणाले, “तो बहुतेक आईकडंच असतो.” तिसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, “तसा सुट्टीत सगळा वडिलांकडंच असतो हो.” एवढा समजूतदारपणा वर्षभर आधी दाखवला असता तर.

हे झालं कराचं. कर तसा सोपा, कारण त्यानं लग्न कधी मानलंच नाही. विम्याचं उलटं आहे. विम्यानं ते इतकं मनावर घेतलंय की सोडता सोडत नाही.

सरांच्या नावानं एक फॅमिली फ्लोटर होता. एकाच पाच लाखांच्या चादरीखाली चौघं : सर, मॅडम, मुलगा, मुलगी. ज्याचं दुखेल त्यानं ओढायची. लग्नातल्या चादरीचंही तेच असतं. तिथं ती कोण ओढतं यावरून खटके उडतात, इथं ती कुणाच्या नावावर आहे यावरून. निकाल ऑगस्टात लागला. दसरा झाल्यावर मॅडम आल्या, पिशवीभर सीताफळं घेऊन. त्या दिवसांत आमच्याकडं कुणी बालाघाटातली सीताफळं घेऊन आलं की काम मोठं आहे असं समजायचं.

“भाऊ, मला यांच्या पॉलिसीतून बाहेर काढा.”

“मुदत कधी संपते?”

“वीस दिवसांनी.”

इथं मी डोक्याला हात लावला. दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायचं तर मुदतीच्या पंचेचाळीस दिवस आधी अर्ज लागतो. आणि नुसती नवी पॉलिसी घेऊन चालणार नव्हतं. मॅडमना साखर आहे. आधीपासूनच्या आजाराला नव्या पॉलिसीत जास्तीत जास्त छत्तीस महिने थांबायला लावता येतं. २०२४ पर्यंत अठ्ठेचाळीस होते. जुन्या फ्लोटरमध्ये त्यांनी ते थांबणं केव्हाच भोगून संपवलेलं. आता घटस्फोट झाला म्हणून साखरेला पुन्हा पहिल्यापासून रांगेत उभं करायचं?

मी समजुतीच्या सुरात म्हटलं, “मॅडम, छत्तीस महिने तसे—”

“मी बीडची आहे,” मॅडम म्हणाल्या. “मला थांबण्याचं सांगू नका.”

बरोबर होतं. नगर-बीड-परळी रेल्वे नव्वदच्या दशकात मंजूर झाली आणि बीडच्या स्टेशनात गाडी लागली १७ सप्टेंबर २०२५ ला, म्हणजे या संभाषणाच्या जेमतेम तीन आठवडे आधी. त्या गाडीच्या आश्वासनावर आमच्याकडं पोरी दिल्या गेल्या, नांदल्या, सुना आणल्या. अशा गावात छत्तीस महिन्यांना वेटिंग पिरियड म्हणणं हा गावाचा अपमान आहे.

विमा एजंटाला फोन लावला. तो यांच्या लग्नात पंगत वाढायला होता. तो म्हणाला, “राहू द्या ना ओ मॅडमचं नाव यंदा. कंपनीला काय कळतंय? हप्ता सरांचा चालूच हाय.” एजंट स्वभावानं चांगला, पण पॉलिसीचा कागद वाचणं त्याच्या स्वभावात नाही. कागदात जोडीदार म्हणजे कायदेशीर जोडीदार. घटस्फोटानंतर त्या चादरीखाली मॅडम म्हणजे पाहुण्या. हप्ता घेताना कंपनीला कळत नाही हे खरं. क्लेमच्या वेळी मात्र तिला सगळं कळतं. आणि वजावट वेगळीच. ऐंशी डीत स्वतःचा, जोडीदाराचा आणि अवलंबून मुलांचा हप्ता धरून पंचवीस हजार; आईबापांचे वेगळे पंचवीस, ते साठीपुढचे असले तर पन्नास. माजी जोडीदार त्यात नाही. सासू-सासरे तर लग्न टिकलेलं असतानाही नाहीत. त्या कलमानं सासूला धरलेलं नाही, हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

त्यातला शहाणा रस्ता एकच होता : त्याच कंपनीत राहायचं, फक्त चादर फाडून दोन करायच्या. मॅडमची वेगळी पॉलिसी, थांबलेली वर्षं जमा धरून. त्यासाठी सरांचं पत्र हवं, कारण पॉलिसीचे मालक सर. म्हणून सरांना बोलावलं. सरांनी पेन काढलं, वर तारीख टाकली, ‘विषय’ लिहून खाली रेघ ओढली (गुरुजी मरताना मृत्युपत्रातही विषय लिहून रेघ ओढतील) आणि लिहायला लागले : ‘माझ्या पॉलिसीतून सौ.’

थांबले.

“सौ. लिहू का?”

“आता सौ. कशा होतील?”

“मग श्रीमती?”

“लिहा.”

सरांनी पेन टेबलावर ठेवलं. “श्रीमती लिहिलं तर कंपनीला वाटंल मी गेलो. उद्या क्लेमचे पैसे घेऊन दारात येतेल.”

“मग कुमारी लिहा.”

“सातवीतलं पोरगं हाय, भाऊ.”

मराठीत बाईच्या नावाआधी जे काही लागतं ते सगळं नवऱ्याची हजेरी सांगतं. आहे, नाही, अजून यायचाय. ‘होता, पण आता शेजारच्या तालुक्यात आहे’ याला आपल्याकडं शब्द नाही. शेवटी सरांनी आधी काहीच न लावता सरळ नाव लिहिलं. तर त्या नावाच्या मध्यभागी पुन्हा तेच उभे. नाव मॅडमचं, मधलं नाव सरांचं, आडनाव सरांचं. म्हणजे ‘माझ्या पॉलिसीतून’ काढायचं ते नाव दोन तृतीयांश स्वतःचंच. आधारवर मॅडमनी तोवर वडिलांचं नाव आणून घेतलं होतं, पॅनवर अजून सरच होते, सेवापुस्तकात सर, बँकेत अर्धे सर, कारण बँकेच्या बाईंनी आद्याक्षरच लिहिलेलं. पॅनला मात्र आई-बापाचं नाव विचारतात, नवऱ्याचं नाही, हा त्या खात्याचा एक मोठेपणा. पण बाईचं स्वतःचं पूर्ण नाव म्हणून जे छापतात त्यात नवरा येऊन बसलेलाच असतो. मागच्या दारानं.

सर पत्र लिहीत असताना बाकड्यावर अजून एक जण बसलेली होती. डोंगरपट्ट्यातली एक बाई, तिशीची असेल. हातात रेशन कार्डाची घडी. ती आमचं सगळं ऐकत होती आणि तिला आमचं भांडण श्रीमंताचं वाटत होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

“तुमचं काय, ताई?”

“मपलं नाव काढायचंय. सासरच्या कार्डावरून. फारकत झालीय.”

फारकत हा शब्द आमच्याकडं अजून घटस्फोटापेक्षा जास्त चालतो. काडीमोडही चालतो, एक काडी मोडली की संपलं, असा तो सुटसुटीत काळ. फारकत मात्र हिशेबातून आलेला शब्द आहे. मूळ फारसी-अरबी दप्तरातला, देण्याघेण्यातून मोकळं केल्याची चिठ्ठी असा त्याचा अर्थ. बीड १९४८ पर्यंत निजामाकडं होतं, तेव्हा तो इथं दप्तरातही आणि घरातही मुरलेला. कर्ज फिटलं की फारकत, नवरा सुटला की फारकत.

या ताईची नवऱ्यापासून झाली होती, कर्जापासून नव्हती. ती ऊसतोडीला जाते. आमच्याकडनं दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. तिथं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. मुकादम उचल देतो ती कोयत्याला देतो. एकटा माणूस असला तर त्याला म्हणतात अर्धा कोयता. आयकर खात्यानं नवरा-बायकोला कधी एक मानलं नाही, विमा कंपनीनं एका चादरीत घातलं. पण दोघांना मोडून एकच वस्तू करायचं काम मुकादमानं केलं. गेल्या हंगामाची उचल फिटायची राहिली होती. उचल नवऱ्यानं घेतली, अंगठा दोघांचा, बाकी कोयत्यावर. कोयता मोडला, बाकी तशीच. आता ती भावाच्या संगतीनं अर्धा कोयता म्हणून जाणार होती आणि निम्मी बाकी तिच्या मागं येणार होती.

“कार्डाचं काय अडलं?”

“सासूची सही लागती म्हणतेत.”

लागणारच. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशन कार्डापुरती घरातली सगळ्यात मोठी बाई ही कुटुंबप्रमुख केलीय. कायदा चांगल्या हेतूनं केलेला, बायकांच्या हाती धान्य राहावं म्हणून. त्याचं हे दुसरं टोक. कोर्टानं नवऱ्यापासून मोकळं केलं. सासूपासून मोकळं करणारं कोर्ट नाही. ऐंशी डीत जिला काहीच किंमत नव्हती ती सासू इथं सरकार होऊन बसलेली. आणि सासू सही करीना. राग म्हणून नव्हे. माणशी पाच किलो धान्य मिळतं. सून कार्डावरून गेली की पाच किलो गेले. नवऱ्याला ती नको होती, सासूला पाच किलोपुरती हवी होती.

मी सांगितलं की नाव कमी केल्याशिवाय माहेरच्या कार्डावर चढणार नाही. पण एक लक्षात घ्या, आपल्याकडं रेशन कार्ड हे नुसतं गव्हा-तांदळाचं नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना त्याच्यावरच चालते. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढं फुल्यांचं नाव आलं. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे उपचार होते, ते आता पाच लाखांचे झाले आणि सगळ्या रंगाच्या कार्डांना लागू झाले. म्हणजे सरांच्या फ्लोटरएवढाच फ्लोटर या ताईच्या पिशवीत घडी घालून होता, हप्ता शून्य. आणि कुटुंब म्हणजे काय, तर कार्डावर ज्यांची नावं ती माणसं. इकडचं नाव कमी झालं आणि तिकडचं चढलं नाही, तर मधल्या काळात ती कुणाच्याच कुटुंबात नाही. आणि मधला काळ म्हणजे नेमका हंगाम.

हंगामात दवाखाना लागतोच. एक दिवस गैरहजर राहिलं की खाडा, खाड्याला दंड. ताप, पाळी, बाळंतपण, सगळे खाडेच. याच जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया इतक्या झाल्या की २०१९ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. हे विनोदी लेखात बसत नाही, पण बाकड्यावर बसलेलं होतं.

ताईनं थोडा विचार केला. माझ्यापेक्षा आणि एजंटापेक्षा कमी वेळ लागला तिला. “मग राहू द्या. हंगाम झाल्यावर काढू. तवर तिचं पाच किलो तिला, मपला दवाखाना मला.” सासूशी तिनं एका वाक्यात जो समझोता केला तो करायला सर आणि मॅडमना दोन वकील लागले होते. झेरॉक्सचे दोन रुपये मी घेतले नाहीत, तर तिनं टेबलावर ठेवलेच.

मॅडमची पॉलिसी झाली. मुलगा मॅडमच्या चादरीत, मुलगी सरांच्या. कंपनीनं असा काही निकाल दिलेला नव्हता, तो हप्ता बघून दोघांनी आपसात लावला. दोन वेगळ्या पॉलिसी एका फ्लोटरपेक्षा महाग पडतातच. पण सरकारनं नेमका २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी काढून टाकलेला, त्यामुळं फारकतीचा खर्च थोडा भरून निघाला. पेशवाईत लग्नाला लग्नटका नावाचा कर होता आणि बाईनं पाट लावला, म्हणजे पुन्हा लग्न केलं, तर पाटदाम. आपण बरेच पुढं आलोय.

मग उगवला फेब्रुवारी. सर सोमवारी आले, मॅडम गुरुवारी. दोघांचीही एकच मागणी : “ऐंशी डी मला धरा.” सर म्हणाले, जुन्या फ्लोटरचा हप्ता वर्षानुवर्षं मी भरला. मॅडम म्हणाल्या, मुलाचा हप्ता मी भरते, आणि चेक-अपचे पाच हजार रोखीनं दिलेत, ते त्यांच्यात दाखवू नका. सरांनी निरोप पाठवला की पावती माझ्याकडं आहे. मॅडमनी पाठवला की पावतीवर नाव माझं आहे. मी मधे बसून दोन्हीकडचे निरोप पोचवत होतो. या कामाला आमच्याकडं पूर्वी मध्यस्थ म्हणायचे आणि त्याला किमान टोपी-उपरणं मिळायचं.

शेवटी दोघांचा हिशेब मांडून बघितला. दोघांचाही वर्षाचा पगार पावणेतेरा लाखांच्या आत, आणि एफडीचं व्याज कुणाच्याही डोक्यावर टाकलं तरी आतच. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत नोकरदाराला पंच्याहत्तर हजारांची प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत कर शून्य. आणि नव्या प्रणालीत ऐंशी डी नाहीच. ऐंशी सी नाही, ऐंशी जी नाही. ज्या पंचवीस हजारांसाठी सोमवार आणि गुरुवार चालले होते ते कलम त्यांच्यापुरतं अस्तित्वातच नव्हतं. दोघांचाही कर : शून्य.

सरांना फोन केला. ते म्हणाले, “मग मॅडमलाच धरा. काय करायचंय मला.” मॅडमना केला. त्या म्हणाल्या, “असू द्या, त्यांनाच दाखवा.” कर शून्य असला की माणसं किती उदार होतात, हे कुणी अभ्यासलेलं नाही.

आता १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदाच गेला आणि त्याच्या जागी २०२५ चा आला. पासष्टीला आलेला संसार मोडला. कलमांचे नंबर सगळे बदलले; ऐंशी डीला आता ऐंशी डी म्हणत नाहीत. पण गुरुजी तेच नाव घेणार, मीही तेच घेणार, आणि पाटीवरही तेच राहणार, कारण पाटी रंगवायला पैसे लागतात.

मॅडमच्या पॅनवर अजून सर आहेत. सरांच्या भविष्य निर्वाह निधीच्या नॉमिनीत अजून मॅडम आहेत. ते आपोआप बदलत नाही, अर्ज द्यावा लागतो, आणि अर्जात त्यांना पुन्हा लिहावं लागेल : सौ. की श्रीमती. ऊसतोडीची ताई हंगाम संपवून येईल तेव्हा तिचा अर्ज तयार आहे, फक्त सासूच्या सहीची जागा रिकामी ठेवलीय.

तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली, तर पॉलिसीची मुदत संपायच्या पंचेचाळीस दिवस आधी या. येताना पॉलिसीची प्रत, निकालाची प्रत आणि आपापला मोबाईल आणा. आणि दोघं एकाच दिवशी येऊ नका. बाकडं एकच आहे.